लिओनार्डच्या डब्यात बॉस्को नको

चंदूने ‘टायडल्स’ या बँडचं काम सोडायचं पहिल्यांदा ठरवलं ते १९८० साली, म्हणजे ज्या वर्षी धरलं त्याच वर्षी. पुढे दर लग्नसराईत एकदा तरी तो ठरवायचाच. घरी यायचं, स्पीकरची खोकी पडवीत रचायची, पायावर पाणी घ्यायचं आणि बायकोला सांगायचं की आता बस झालं, ही माणसं माणसांत राहायच्या लायकीची नाहीत. मालू त्याच्यापुढे ताट सरकवायची आणि विचारायची, पुढची तारीख कधीची? आणि हा बाबा मुकाट्याने तारीख सांगायचा. असं चौदा वर्षं चाललेलं.

चंदू ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. बापाची होडी होती, पण खाडीतली मासळी आटत गेली तसा त्याने होडीचा नाद सोडला आणि माइक-स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा काढला. घर चालायचं ते मालूच्या मासळीच्या पाटीवर, खोटं कशाला बोला. हळद, बारसं, सत्यनारायण, गणपती, जिथे बोलावतील तिथे चंदूचे कर्णे. कोळीगीतं आणि सिनेमातली गाणी, यापलीकडे त्याचा कान कधी गेलेला नव्हता.

मग माजिवड्याला एका ख्रिस्ती लग्नात त्याला माइक लावायला बोलावलं. तिघांचा बँड होता. गिटार वाजवून गाणारा लिओनार्ड, ऑर्गनवर बॉस्को आणि ड्रमवर गोमाजी. गोमाजी मोहन्याचा, आगरी, रेयॉनच्या कारखान्यात पाळीवर जाणारा. तो या दोघांत कसा आला हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही. आधी नवरा-नवरीच्या नाचासाठी इंग्रजी गाणी झाली. चंदूला त्यातलं काही कळलं नाही. शेवटी मात्र त्यांनी स्वतःचं एक गाणं काढलं, त्यांच्या वाडीच्या बोलीतलं. भरतीचं पाणी मिठागराचे बांध चढून आत येतं आणि वर्षाची मेहनत नेतं, एवढीच त्यात गोष्ट. त्याला ते खाडीचं गाणं म्हणायचे. चंदूचा बाप याच खाडीत जाळं टाकायचा. पण ती खाडी अशी आवाज करते हे चंदूला कुठे माहीत होतं! गिटार छातीत घुसत होती आणि ऑर्गन खालून पाण्यासारखा चढत येत होता. चंदू हातात प्लग घेऊन उभा राहिला आणि ढसाढसा रडला. का रडला विचाराल तर त्याला आजही सांगता येणार नाही.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि लिओनार्डने माइकमधूनच सगळ्या वऱ्हाडादेखत त्याला झापलं, की ए माइकवाल्या, आवाज फाटतोय, कानात बोळे घातलेत काय? एकाच दिवसात चंदूला हे दोन्ही मिळालं. त्यातलं एक घ्यायचं आणि दुसरं सोडायचं अशी सोय नव्हती.

लिओनार्डचा राग कायम नाकावर. स्वतःची तार तुटली तरी दोष दुसऱ्याचा. एकदा कोलशेतला भर मांडवात त्याने गोमाजीच्या कानाखाली वाजवलेली, ताल जरा पुढे गेला म्हणून. गोमाजीने गाल चोळला आणि पुढचं गाणं सुरू केलं. आणि बॉस्को? तो कधी ओरडायचा नाही. तो फुगायचा. कुणी त्याला चहा दुसऱ्या नंबरला दिला तरी तो अपमान. मग तो उशिरा येणार, खाली मान घालून बसणार, आणि एखाद्या दिवशी ऑर्गनची वायर काढून सरळ घरी जेवायला जाणार. इथे नवरी नाचायला उभी. लोक चंदूला येऊन विचारायचे, आता काय? जसा काही चंदूच त्यांचा बाप.

त्यात हे दोघे मेव्हणे. लिओनार्डची बायको अ‍ॅग्नेस ही बॉस्कोची थोरली बहीण. एकाच वाडीत दोन घरं, मधे एक विहीर. अ‍ॅग्नेस शाळेत शिकवायची. हळू बोलायची आणि बोललेलं लक्षात ठेवायची. दोघांच्या भांडणात तिच्या आयुष्याचं पार भरीत झालेलं, पण कुठल्याही कार्यक्रमाला ती यायची आणि मागच्या बाजूला, चंदूच्या टेबलाजवळ, खुर्ची टाकून बसायची.

८४ साली कल्याणला रेल्वेवाल्यांच्या नाताळच्या कार्यक्रमात व्हायचं ते झालं. निवेदकाने ‘लिओनार्ड आणि पार्टी’ असं पुकारलं. बॉस्को स्टेजवर चढायलाच तयार होईना. खाडीच्या गाण्याची चाल अर्धी माझी आहे आणि मी पार्टी नाही, एवढंच धरून बसला. लिओनार्डने काय करावं? माइक हातात घेतला आणि पाचशे लोकांपुढे म्हणाला की आमचा चर्चमधला पेटीवाला रुसलाय, जरा थांबा. लोक हसले. बॉस्को दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि त्याचा त्याला केवढा अभिमान होता हे लिओनार्डला पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

बँड तिथेच बुडायचा. पण तारखा घेतलेल्या होत्या, वाडीतल्या लोकांची लग्नं होती, नाही कसं म्हणणार? अ‍ॅग्नेस दोन्ही घरांत चार दिवस फेऱ्या मारत होती. शेवटी लिओनार्ड म्हणाला, मी वाजवीन, पण त्याचा आवाज मला ऐकू येता कामा नये. बॉस्को म्हणाला, माझीही तीच अट. आणि मग अ‍ॅग्नेस चंदूकडे आली.

आता हे जरा समजावून सांगायला हवं. मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात, त्यामुळे स्टेजवरच्यांना त्यातून नुसता गडगडाट ऐकू येतो. म्हणून वाजवणाऱ्याच्या पायाशी एक लहान स्पीकर ठेवतात, त्याच्याकडे तोंड करून. चंदू त्याला डबा म्हणायचा. कुणाच्या डब्यात काय सोडायचं ते चंदूच्या हातात. तर चंदूने लिओनार्डला स्टेजच्या एका टोकाला ठेवलं, बॉस्कोला दुसऱ्या, मधे गोमाजी. लिओनार्डच्या डब्यात त्याची गिटार, त्याचा गळा आणि ड्रम. बॉस्कोच्या डब्यात त्याचा ऑर्गन आणि ड्रम. बस. मिक्सरवर त्याने बटणांखाली चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं: लिओनार्डच्या डब्यात बॉस्को नको, बॉस्कोच्या डब्यात लिओनार्ड नको. बटणं शून्यावर ठेवायची आणि चुकूनही हात लावायचा नाही.

आणि गंमत बघा, बँड पहिल्यापेक्षा चांगला वाजायला लागला. दोघांनाही वाटायचं की स्टेजवर आपण एकटेच. कुणी कुणासाठी मागे सरायचं नाही, कुणी कुणाला वाट द्यायची नाही, दोघं आपापली पूर्ण ताकद लावून. मार्केटात मालू आणि तिच्या शेजारची जनाबाई एकमेकींकडे न बघता दिवसभर हाका मारायच्या आणि त्या हाकांचा आपोआप मेळ बसायचा, तसंच होतं ते. गोमाजी डोळे मिटून मधे बसलेला, त्याच्या तालावर दोघे टिकून. हे सगळं एकत्र ऐकू यायचं ते लोकांना, आणि लोकांचं लक्ष जेवणात. खऱ्या अर्थाने ऐकायचा तो एकटा चंदू, कानाला हेडफोन लावून. ऑर्गन जरा वर, गिटार जरा खाली, पुन्हा उलट. नऊ वर्षं ‘टायडल्स’ नावाचा बँड फक्त चंदूच्या दोन कानांच्या मधे होता. मनातल्या मनात तो स्वतःला चौथा धरायचा. कुणाला बोलून दाखवलं नाही, एवढंच.

मालूचा भाऊ आनंदा शहाडला असायचा. त्याच्याकडे सभांची, उद्घाटनांची कामं यायची, आणि तो चंदूला कधीपासून भागीदारीत बोलावत होता. वेळेवर काम, वर शिव्या नाहीत. चंदू प्रत्येक वेळी म्हणायचा, बघू. मालूने एकदा स्पष्टच विचारलं की त्या दोघांनी तुझ्यावर काय करणी केलीय? चंदूने तिला हेडफोन लावायला दिला. तिने अर्धं गाणं ऐकलं, काढून परत दिला आणि म्हणाली, चांगलं आहे, पण माणसं खोटी आहेत. दोन्ही खरं होतं. हे चंदूला रोज दाढेत अडकल्यासारखं टोचायचं. असली करंटी माणसं, आणि त्यांच्या हातून असलं गाणं यावं. देवाला दुसरं कुणी सापडलं नाही का?

९३ संपता संपता बॉस्कोला मस्कतच्या एका हॉटेलात ऑर्गन वाजवायचं काम मिळालं. दोन वर्षांचा करार, जमलं तर पुढे बायकामुलांनाही नेणार. त्याने ते लिओनार्डला सांगितलं नाही, अ‍ॅग्नेसलाही नाही. चर्चच्या पायरीवर गोमाजीला सांगितलं आणि गोमाजीकडून ते सगळ्यांना कळलं. लिओनार्ड म्हणे नुसता हसला आणि म्हणाला, जाऊ दे, तिकडे वाळवंट आहे, त्याला मानवेल. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी डोंबिवलीला चर्चच्या सणाचा कार्यक्रम होता, तो शेवटचा. बुधवारी विमान.

चंदूची झोप उडाली. एवढे शिव्याशाप ऐकून घेतले, एवढी खोकी वाहिली, पाठीचा काटा ढिला झाला, ते कशासाठी? बॉस्को गेला की खाडीचं गाणं संपलं. ऑर्गनशिवाय ते गाणं म्हणजे नुसती गिटार आणि लिओनार्डचा तोरा. दुसरा ऑर्गनवाला आणून ते होणार नाही हे चंदूइतकं कुणाला ठाऊक होतं? चार रात्री विचार करून त्याने एक ठरवलं. यांनी एकमेकांना नऊ वर्षांत ऐकलेलंच नाही. मी ऐकलंय म्हणून मी सुटू शकत नाही. यांनी एकदा ऐकलं, तर हे तरी कसे सुटतील? शेवटच्या गाण्याला दोन्ही बटणं उघडायची. लिओनार्डच्या डब्यात बॉस्को सोडायचा आणि बॉस्कोच्या डब्यात लिओनार्ड. मग बघू कोण मस्कतला जातो.

रविवारी दुपारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना सुटायच्या आत तो डोंबिवलीला पोचला. शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला. वायरी ओढून झाल्यावर अ‍ॅग्नेस आली, नेहमीप्रमाणे खुर्ची घेऊन. चंदूने इकडेतिकडे बघून तिला आपला बेत सांगितला. त्याला वाटलं ती नको म्हणेल, घाबरेल. ती बराच वेळ मिक्सरवरच्या त्या चिकटपट्टीकडे बघत राहिली. पट्टी पिवळी पडलेली, अक्षरं चंदूची, वेडीवाकडी.

“तो जाणार आहे, चंदू,” ती म्हणाली. “तो थांबावा असं मला नाही वाटत. त्याची पोरं मोठी होतायत. जाऊ दे. पण न बोलता गेला तर हे दोघं पुन्हा कधी बोलणार नाहीत. आमची आई गेली तेव्हा तिच्या शवपेटीला दोन बाजूंनी खांदा दिला आणि एकमेकांकडे बघितलं नाही. मला फक्त एकदा यांनी मान वर करून बघायला हवंय.”

चंदू म्हणाला, बघतील.

“मग अर्ध्यावर सोडू नकोस,” अ‍ॅग्नेस म्हणाली. “पूर्ण गाणं उघडं ठेव. यांना वेळ लागतो.”

चंदूने गळ्याला चिमटीने हात लावून शब्द दिला. त्याला तेव्हा काहीच अवघड वाटलं नाही.

कार्यक्रम नेहमीसारखाच सुरू झाला, म्हणजे वाईट. बॉस्को पाऊण तास उशिरा आला. लिओनार्डने चंदूला तीनदा झापलं, एकदा तर उन्हावरून, जसं काही सूर्यही चंदूनेच लावलेला. नंतर मात्र दोघे वाजवायला लागले आणि पटांगणातली म्हातारी माणसंसुद्धा खुर्च्यांवरून उठली. चंदूला वाटलं, इतके चांगले हे कधी वाजले नव्हते. आणि मग लिओनार्डने ती पहिली तार छेडली. खाडीचं गाणं.

पहिलं कडवं चंदूने होऊ दिलं. दुसरं सुरू होताना त्याने अ‍ॅग्नेसकडे बघितलं, तिने मान हलवली, आणि त्याने दोन्ही हातांनी दोन्ही बटणं वर फिरवली.

लिओनार्ड दचकला. आधी त्याने पायाजवळच्या डब्याकडे बघितलं, मग डोळे बारीक करून लांब चंदूकडे. चंदूला वाटलं, आता हा माइकवरून शिवी घालणार. पण लिओनार्डने काही केलं नाही. तो गाताना एक ओळ विसरला. त्या गाण्यातली ओळ, जी तो झोपेत म्हणाला असता. तिकडे बॉस्कोची बोटं वरच्या वर थांबली. गिटार त्याच्या पायातून वर येत होती. मग लिओनार्डने गिटारचा आवाज उतरवला, ऑर्गन नीट ऐकू यावा म्हणून. आणि नेमका त्याच वेळी बॉस्कोने ऑर्गन हलका केला, गिटारला जागा द्यायला. अरुंद दारात दोन पाहुणे ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करत अडकतात तसं झालं. दोघं थांबून थांबून वाजवायला लागले. गाण्याच्या पोटात भोक पडलं. गोमाजीने डोळे उघडले.

चंदूच्या कानात ते सगळं येत होतं. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले, दोन पोरी हसत बाजूला झाल्या, मागे कुणीतरी जेवण कधी वाढणार विचारलं. चौदा वर्षांत हे गाणं एकदाही पडलेलं नव्हतं. शिवीगाळीत पडलं नाही, मारामारीत नाही, बॉस्कोला एकशेतीन ताप होता तेव्हा नाही. आणि आज, शेवटच्या दिवशी, त्याच्या डोळ्यांदेखत ते गाणं मरायला टेकलेलं, तेही त्याच्याच हाताने. चंदू कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो गाणं बघत होता. थांबा म्हणायला तोंड उघडावं तसे त्याचे हात आपोआप पुढे गेले आणि त्याने दोन्ही बटणं खाली शून्यावर आणली.

आणि गाणं उठलं. गोमाजीने जोरात एक तुकडा मारला, लिओनार्ड लोकांकडे वळला, बॉस्कोची मान खाली गेली आणि ऑर्गन असा चढला की मांडवाची कापडं थरथरली. शेवटचं कडवं तर असं झालं की चंदूने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला आणि पहिल्या दिवसासारखा रडला. गाणं पूर्ण झालं. जसं व्हायला हवं होतं तसं. टाळ्या थांबता थांबेनात.

दहा मिनिटांत बॉस्कोने ऑर्गन खोक्यात घातला. गोमाजीने टेम्पो आणलेला, दोघांनी मिळून खोकं चढवलं. बॉस्कोने बहिणीच्या गालाला गाल लावला, तिला काहीतरी सांगितलं आणि पुढे बसला. टेम्पो फाटकातून बाहेर पडला. स्टेजच्या मागे लिओनार्ड तारा पुसत उभा होता. तो फाटकापर्यंत गेला नाही.

चंदू वायरी गोळा करत होता तेव्हा लिओनार्ड त्याच्या टेबलाशी आला. आता याच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून चंदू सावरून उभा राहिला. पण लिओनार्डचा आवाज खालीच होता.

“मधे माझ्या डब्यात ऑर्गन आलेला. तूच सोडलेलास ना?”

चंदूने हो म्हटलं.

“चांगला वाजवतो,” लिओनार्ड म्हणाला. असं म्हणताना त्याने फाटकाकडे बघितलं, तिथे आता कुणी नव्हतं. “मग काढलास कशाला?”

चंदू म्हणाला की गाणं पडत होतं, भाऊ.

लिओनार्डने जरा विचार केला. मग मान डोलावली, एका कारागिराने दुसऱ्याला डोलवावी तशी, आणि म्हणाला, “हां. गाणं पडत होतं खरं. बरोबर केलंस.”

चौदा वर्षांत त्याने चंदूला पहिल्यांदा बरोबर म्हटलेलं. चंदूच्या अंगावर मूठभर मांस चढायला हवं होतं. लिओनार्ड गिटार खांद्याला अडकवून रिक्षा बघायला गेला आणि टेबलापाशी चंदू आणि अ‍ॅग्नेस एवढे दोघेच उरले. तिने सगळं ऐकलेलं होतं. चंदूला तिच्याकडे बघवेना. तो वायरीचं वेटोळं घालत राहिला आणि मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, म्हणाला की मी मुद्दाम नाही केलं, अ‍ॅग्नेसबाय, हात आपोआप गेले.

“लिओ मान वळवून त्याच्याकडे बघत होता,” अ‍ॅग्नेस म्हणाली. “बॉस्कोनेही वर बघितलं. अगदी आत्ता बोलतील असं तोंड झालेलं त्याचं. तू बघितलंस का?”

चंदूने बघितलं नव्हतं. त्याने तसं सांगितलं.

अ‍ॅग्नेसने खुर्ची मिटली. ती रागावलेली नव्हती. रागावायला अंगात काही उरावं लागतं. तिने खुर्ची मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवली आणि साडीचा पदर सारखा केला.

“गाणं पडू द्यायचं होतंस रे,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी या टेबलाशी येऊन बसत होते, चंदू. मला वाटायचं, असे हे दोघंच आहेत.”